केसपेपरवर न मावणारा पत्ता

दवाखाना सरकारी असो की खासगी, केसपेपरच्या पहिल्या तीन ओळी ठरलेल्या. नाव, वय, पत्ता. नावाने हाक मारायची, वयावरून औषधाचं प्रमाण ठरवायचं आणि पत्ता लिहून सोडून द्यायचा. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पत्त्याचा निदानाशी काही संबंध असतो हे मला एका बाईने शिकवलं.

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना. ऑगस्ट संपत आला होता. चाळिशीचा एक शेतकरी आठ दिवसांचा ताप घेऊन आला. थंडी, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंग मोडून आलेलं. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. मी टायफॉइड धरला आणि औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला तो बायकोच्या खांद्याचा आधार घेत, धापा टाकत. मी पुन्हा नाडी बघतोय, छाती ऐकतोय, तेवढ्यात त्या बाईने त्याचा सदरा वर केला आणि काखेकडे बोट दाखवलं. "हे काहून काळं पडलं जी? बांधावरचं गवत कापून आले, तवापासून आहे."

विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्याने सांगितली नव्हती. आणि मी विचारलं नव्हतं. तो स्क्रब टायफस होता. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची पिल्लं चावतात, त्यातून येणारा हा ताप. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, जुनं औषध उत्तम चालतं, पण वेळेवर दिलं तर. मी त्याला लगेच जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं, तो वाचला. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास या आजाराने बरीच माणसं गेली, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या तोंडी आलं. माझ्या रुग्णाच्या वेळी ते माझ्या तोंडी यायला हवं होतं.

तेव्हापासून मी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर वेगळाच पत्ता लिहून घेतो. माणूस कुठलं पाणी पितो, कुठल्या हवेत झोपतो, हातांनी काय काम करतो, गेल्या काही दिवसांत कुठे जाऊन आला. पण गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी लिहिलेला नाही. हे मागचं पान तुम्हीच घरून भरून आणावं, ते कसं भरायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

कल्पना माझी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसनीय नावाचा अध्याय आहे. गंगेच्या काठी, काम्पिल्य नगरीजवळ, पुनर्वसू आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, साथीबद्दल सांगतात. अग्निवेशाची शंका मोठी मार्मिक आहे: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग एकच आजार एकाच वेळी सगळ्या गावाला कसा होतो? उत्तर असं की चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात: वायू, उदक, देश आणि काल. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. पुढे १७०० साली इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि वैद्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत एक भर घातली: तुम्ही काम काय करता? त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला आलेल्या माणसाचे डोळे बघून त्याला हा प्रश्न सुचला होता. चरकाचे चार आणि रामाझिनीचा एक, असे पाच प्रश्न मिळून आपलं मागचं पान भरतं.

सुरुवात कालापासून करा, कारण तिथेच सगळ्यात जास्त माहिती लपलेली असते आणि तीच माणसं सगळ्यात आधी विसरतात. "काही विशेष केलं होतं का?" असं विचारलं की रुग्ण कालचं आणि परवाचं सांगतो. बाहेरचं दही खाल्लं, पंख्याखाली झोपलो. बिचाऱ्या दह्यावर जितके आरोप झालेत तितके कुणावर झाले नसतील. जंतू मात्र आत शिरल्यावर आपला वेळ घेतात. डेंग्यूचा ताप डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी येतो. गोचीड चावून येणारा माकडताप तीन ते आठ दिवसांनी. साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्यानेसुद्धा. स्क्रब टायफस साधारण दहा-बारा दिवसांनी. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीला तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तेव्हा ताप असेल तर तीन-चार आठवडे मागे जा, कावीळ असेल तर दोन महिने. भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवा. त्यावर दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिलेली असते, तिथेच लग्न, जत्रा, सहल, शेतातली कामं सापडतील.

कालाचा दुसरा प्रश्न याहून उपयोगी आहे, पण तो फारसं कुणी विचारत नाही. त्रास कधी कमी होतो? मुंबईच्या गिरणगावात कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या खात्यांतल्या कामगारांना सोमवारी सकाळी छाती आवळल्यासारखी व्हायची आणि आठवडा सरता सरता ती जरा मोकळी व्हायची. सुट्टीनंतर कामावर परत गेल्यावर जास्त होणारी ही घुसमट कापसाच्या धुळीची खूण आहे. जगभरच्या कापड गिरण्यांत ती दिसली आहे. हाच हिशेब कुठेही लावता येतो. आमच्याकडच्या राइस मिलमध्ये काम करणाऱ्या एका मुलाचा खोकला आठवडी सुट्टीला कमी आणि दिवाळीच्या सुट्टीत बंद व्हायचा. त्याचं पाचवं खोकल्याचं औषध मी लिहून देत होतो. शेवटी नाका-तोंडाला नीट बसणारा मास्क आणि मालकाशी बोलून कोंड्याच्या तोंडापासून बदललेली जागा, यांनी जे साधलं ते बाटलीने साधलं नव्हतं. तुमची डोकेदुखी, शिंका, अंगावरचं पुरळ माहेरी गेल्यावर बरं होतं का? रविवारी बरं होतं का? घराचा रंग काढल्यापासून वाढलं का? उत्तर लिहून ठेवा. गाजर गवताने होणारा त्वचेचा दाह असाच ओळखता येतो. चेहरा, मान, कोपराच्या आतली बाजू, म्हणजे जिथे हवा लागते आणि घाम साचतो तिथे खाज, आणि शेतापासून दूर गेलं की आराम.

कामाच्या रकान्यात 'शेती' किंवा 'मजुरी' एवढंच लिहू नका. शेतीतलं कुठलं काम? दगडाच्या क्रशरवर, खाणीत, पाट्या-वरवंट्यांना टाकी लावण्याच्या धंद्यात किती वर्षं? आता करत नसाल, तरी पूर्वी? सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि काम सोडून दहा-वीस वर्षं झाल्यावरसुद्धा धाप लागायला सुरुवात होऊ शकते. एक्स-रेत ती क्षयासारखी दिसते. वर अशा फुप्फुसाला खरा क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे गोंधळ दुप्पट. "मी बारा वर्षं क्रशरवर होतो" हे एक वाक्य डॉक्टरला मिळालं तर त्याची विचाराची दिशाच बदलते.

फवारणीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. उंच पिकात उभं राहून फवारलं की तुषार पानांवर पडण्याआधी तोंडावर पडतात. दमट उकाड्यात अंगात कपडे नकोसे होतात, घामाने ओली कातडी औषध पटकन शोषते. 'मी तर पिलं नाही, मला कशी बाधा होईल?' हा समज जीवघेणा आहे. पाठीवरच्या पंपाचं झाकण पाझरत असेल, तर विष दिवसभर कमरेवरून आत जात असतं.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम आहे. हिरवा म्हणजे निर्धास्त असं कुणी समजू नये. दोन-तीन औषधं स्वतःच्या मनाने एकत्र करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका. दुपारच्या उन्हात फवारू नका. फवारता फवारता तंबाखू मळू नका, विडी ओढू नका. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकू नका. हे शेवटचं लिहिताना मला लाज वाटते, पण अजून फुंकणारे आहेत. घरी गेल्यावर आधी साबणाने आंघोळ करा, मग लेकराला उचलून घ्या. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, खूप घाम, मळमळ, अंधूक दिसणं, स्नायू फुरफुरणं, यातलं काही सुरू झालं तर काम जागच्या जागी थांबवा. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि रुग्णालय गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध पाजू नका. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर वळवा. सोबत औषधाची बाटली किंवा तिचं लेबल न्या. हा निरोप मी प्रत्येक खेड्यात देतो, कारण वेगवेगळ्या विषांवरचा इलाज वेगळा असतो आणि "पांढऱ्या डब्यातलं औषध होतं" एवढ्या माहितीवर डॉक्टरला अंदाजाने चालावं लागतं.

आता पाणी. लोकांची परीक्षा डोळ्यांनी होते. गढूळ म्हणजे वाईट, नितळ म्हणजे चांगलं. पाण्यातले दोष मात्र दोन जातींचे असतात आणि दोघांचा इलाज उलटसुलट आहे. पहिली जात जंतूंची. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती हेपटायटिस ई या विषाणूची. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ फार घातक ठरते. २०२५ च्या जानेवारीपासून पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, दोनशेहून अधिक जणांना जीबीएस झाला, म्हणजे हातापायांतली शक्ती जाण्याचा आजार. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. जुलाब बरे झाले, आठ-पंधरा दिवस गेले आणि पाय लटपटू लागले. मधल्या दिवसांमुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. कालाचा रकाना नीट भरा म्हणतो ते यासाठीच. जुलाबांनंतर पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत असेल तर 'थकवा असेल' म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

जंतूंना उकळी मारते. पाण्याला खळखळून उकळी आली की एखादं मिनिट राहू द्या, आणि थंड झाल्यावर त्याच भांड्यात ठेवून ओगराळ्याने काढा. उकळलेल्या पाण्यात बोटं बुडवून पेला भरणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. नळ काही तासच येत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि फुटलेल्या जोडातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. शेजारून गटार गेलं असेल तर काय ओढलं जात असेल, ते सांगायला नको. म्हणून नळ सुटल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते झाडांना घाला. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांनी हेही समजून घ्यावं की ती मोटर पाण्याबरोबर गटारही ओढते, आणि फक्त स्वतःच्याच घरात नाही.

दुसरी जात क्षारांची. इथे उकळण्याचा उपयोग नाहीच, उलट तोटा आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत कितीतरी बोअरवेलींचं पाणी ही रेषा ओलांडतं. विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर. खडकात जसजसं खोल जावं तसं हे संकट वाढू शकतं. ओळख मुलांच्या दातांवर मिळते. पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग, घासूनही न जाणारे. एका मुलाचे असे असतील तर दंतवैद्याला विचारा. वर्गातल्या दहा-बारा मुलांचे असतील तर शाळेच्या पाण्याला विचारा. हे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतात, तेव्हा लहान मुलांचं पिण्याचं पाणी आधी बदलायचं. घरात सगळ्यांसाठी वेगळं पाणी आणणं परवडत नसेल तर तान्ह्यांपासून आठ वर्षांच्या मुलांपर्यंत आणि गरोदर बायांसाठी तरी आणा. स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी फ्लोराइडमुक्त असतं. ते उकळून प्या.

हे तपासायला शहर गाठावं लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी ओटी टेस्ट रोज होते का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर शिल्लक आहे का, गावाला हिरवं कार्ड मिळालंय की पिवळं की लाल, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पाण्याचा नमुना घरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून मात्र नेऊ नका. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते.

हवेचं बोलताना लोक दिल्ली आणि मुंबईच्या धुक्यापाशी थांबतात. ते खरंच आहे, आणि शहरात राहणाऱ्या दम्याच्या रुग्णाने हवेचा निर्देशांक बघूनच सकाळी फिरायला बाहेर पडावं. पण दिवसाचे सोळा-अठरा तास आपण छपराखाली असतो, आणि छपराखालची हवा आपण स्वतः बनवतो. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बाया धाप लागून येतात, तेव्हा मी आता आधी चुलीची चौकशी करतो. गॅस आहे का, असं विचारत नाही. 'आहे' असंच उत्तर येतं. सिलिंडर महिन्यातून किती दिवस पेटतो, आंघोळीचं पाणी कशावर तापतं, भाकरी कशावर होते, असं विचारतो. भाकरी बहुतेक ठिकाणी अजून चुलीवरच असते. तसं असेल तर चूल आडोशाच्या पडवीत न्या, वर धुराडं किंवा निदान कौलांत फट ठेवा, ओली लाकडं वापरू नका आणि पोराला पाठीशी बांधून भाकरी थापू नका.

डास पळवायच्या कॉइलबद्दल एक आकडा ऐका. एका अभ्यासात मोजलं गेलं की एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात. खिडक्या घट्ट लावून, उशाशी कॉइल ठेवून, मग 'पोराचा दमा कशाने वाढला कळत नाही' म्हणून माझ्याकडे येणारे आईबाप असतात. मच्छरदाणी ही त्यावरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी आवडणारी युक्ती. उदबत्ती आणि धूप यांच्याबद्दल बोललो तर घरोघरी वाद होतील, म्हणून एवढंच म्हणतो की देवघरात दम्याचा रुग्ण झोपत असेल तर खिडकी उघडी असू द्या.

एक धोका मात्र कणांचाही नाही आणि वासाचाही नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत गेलेलं माणूस चक्कर येऊन पडतं आणि कडी आतून लावलेली असते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या, आत फक्त पाण्याची नळी आणा. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं हाच प्रकार. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर ओट्यावर आल्यावर बरं वाटलं, तर आधी दारं-खिडक्या उघडा, कारण नंतर शोधा.

देश म्हणजे पायाखालची जमीन आणि तिच्यावर राहणारे इतर जीव. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी लेप्टोचे रुग्ण वाढले. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून आत शिरतात. कोकणात भातलावणीच्या दिवसांत हे पूर न येताही होतं. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणाने धुवा, जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही आलं तर पाण्यातून चालल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या आणि गोव्यात सत्तरीतल्या काजूबागायतदारांना माकडताप माहीत आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात तो प्रथम ओळखला गेला. थंडी-उन्हाळ्यात बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा, त्या भागात काजू वेचायला जाऊ नका. गेलात तर अंगभर कपडे घाला, पायमोज्यांत पँट खोचा आणि संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे गोचिडी आहेत का ते बघा.

डेंग्यूबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, तरी फ्रिजच्या मागची ताटली कुणी काढत नाही. एकच सांगतो. टाकी रिकामी केली म्हणजे झालं नाही. त्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो कडा घासण्यासाठी.

उन्हाचं शेवटी, कारण आम्ही विदर्भातले लोक त्यात स्वतःला शहाणे समजतो. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत दुपट्टा, कांदा, पन्हं याचं शहाणपण आहेच. पण किनाऱ्यावरचे ३८ अंशसुद्धा माणूस मारतात. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण दगावले, ते अशाच हवेत. आकडा पाहून ठरवू नका, घाम वाळतोय का ते बघा. रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं उन्हाचा त्रास वाढवतात. मार्च लागला की डॉक्टरांना त्याबद्दल विचारा, आपणहून बंद करू नका. अंग भाजतंय आणि माणूस बरळायला लागलाय, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

यात एक पथ्य मात्र पाळा. दिसेल त्या आजाराचं खापर हवापाण्यावर फोडू नका. मधुमेह, रक्तदाब आपल्या ताटातूनही येतात. 'शरीरातलं विष बाहेर काढणारे' काढे आणि पट्ट्या विकणारे याच भीतीवर जगतात, त्यांच्याकडे जाऊ नका. आणि जे एका घराच्या हातात नाही ते एका घराने पेलू नये. आठवड्याभरात तीन घरांत कावीळ, एका गल्लीत पाच जणांना जुलाब, असं दिसलं की आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. तारीख, घरं, पाण्याचा स्रोत, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. साथ पहिल्यांदा बहुधा शेजारणींच्या गप्पांत दिसते, सरकारी तक्त्यात ती नंतर येते.

हे सगळं मी गावोगाव सांगत असतो. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारे शेतकरी ताप घेऊन आले. टेबलावर त्यांनी पिशवी रिकामी केली. कीटकनाशकाची रिकामी बाटली, क्वार्टरच्या बाटलीत विहिरीचं पाणी, काडेपेटीत एक गोचीड आणि वहीच्या कागदावर नातवाच्या अक्षरात तीन आठवड्यांच्या तारखा. मी हसलो आणि मग खुर्ची जवळ ओढून बसलो. एकेक वस्तू पाहिली. कशातच काही सापडलं नाही. रक्ताच्या तपासणीत मलेरिया निघाला.

"बाबा, या दिवसांत बाहेरगावी कुठे मुक्काम केला होता का?" मी विचारलं.

"नाही जी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तेंदूपत्ता तोडायला गडचिरोलीकडे होतो बारा दिवस. पण ते कामाला गेलो होतो, गावाला नाही."

नातवाच्या कागदावर ते बारा दिवस कोरे होते.